मुक्काम पोस्ट पी-टू

खराडीत राहणारा माणूस पुण्यात राहतो, याला घरपट्टीच्या पावतीखेरीज दुसरा पुरावा नाही. १९९७ साली गाव महापालिकेच्या हद्दीत आलं, पण गावठाणातला म्हातारा अजूनही "पुण्याला जाऊन येतो" असंच सांगून घराबाहेर पडतो, आणि आयटी पार्कात नोकरीला आलेल्या पोराला पुणं म्हणजे विमानतळाच्या पलीकडे कुठेतरी असलेली वस्ती वाटते. आमच्याकडे सोसायट्यांना इटलीतल्या गावांची नावं आहेत, कॉफीच्या दुकानांना न्यूयॉर्कच्या गल्ल्यांची, आणि गल्ल्यांना नावंच नाहीत. शनिवारवाडा इथून बाराएक किलोमीटर. पण नगर रोडवर अंतर किलोमीटरमध्ये सांगायची पद्धत नाही. "सातच्या आत निघालात तर" आणि "सातनंतर निघालात तर" अशी दोनच मापं आहेत, आणि दुसरं माप सांगताना माणसं आभाळाकडे बघतात.

त्यामुळे आयफेल टॉवरखाली फोटो काढलेली माणसं आमच्या सोसायटीत मजल्यामजल्यावर सापडतील. पण विश्रामबागवाडा हा बसथांबा आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत. (तो बसथांबा आहेच. त्याआधी दुसऱ्या बाजीरावाचा राजवाडा होता, इतकंच.)

या परिस्थितीत माझा मेव्हणा जर्मनीहून सुट्टीवर आला. त्याच्यामागोमाग बार्शीहून सासरे आले. सासरे, म्हणजे आमचे मामा, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. त्यांना दोन गोष्टी सहन होत नाहीत: चुकलेली सनावळी आणि पातळ चहा. मुलाला आणि नातीला पुणं दाखवायचंच, असं त्यांनी आल्या आल्या जाहीर केलं.

"दाजी," मेव्हणा म्हणाला, "पुणं बघायचं तर कॅम्परव्हॅननं."

तिकडे तो बायकोमुलांना घेऊन असल्या गाडीतून गावोगाव हिंडतो. रोथेनबुर्ग नावाच्या जुन्या गावाचं तर त्याला वेडच आहे. गावाभोवती तटबंदी, वेशीबाहेर गाड्यांचे तळ, त्यांना पी-वन, पी-टू असे क्रमांक. त्यातल्या ठरावीक तळांवर कॅम्परनी उभं राहायचं, नाणं टाकलं की पाणी, वीज सगळं मिळतं. सकाळी वेशीतून आत जायचं, इतिहास बघायचा, संध्याकाळी आपल्या अंथरुणावर परत.

माझी मुलगी मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "रामवाडीला मेट्रोत बसायचं, सिव्हिल कोर्टला बदलायची, कसबा पेठला उतरायचं. वर आलं की शनिवारवाडा."

घरात एखादी सूचना इतकी बरोबर असली की ती कुणी मनावर घेत नाही. शिवाय मेव्हण्यानं मोबाईलवर पुरावाच काढला: महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण मंजूर केलेलं आहे. जिथे राहायची सोय नाही अशा दुर्गम जागी पर्यटकांना मुक्काम करता यावा, असा त्यामागचा एक विचार. माझी बायको म्हणाली, "सदाशिव पेठ दुर्गम आहे हे खरं, पण तिथं लॉज आहेत." तेही कुणी मनावर घेतलं नाही.

गाडी भाड्यानं मिळाली, ड्रायव्हरसकट. मूळचा प्रवासी टेम्पोच तो, पण पोटातल्या सीटा काढून दोन पलंग, शेगडी, बेसिन, बोटभर फ्रीज आणि एक संडास बसवलेला. ड्रायव्हर भोसरीचा. त्यानं आयुष्यात कलाकारांच्या व्हॅनिटी व्हॅनच चालवलेल्या. त्यामुळे आम्हा प्रत्येकाकडे तो 'हे कुठल्या मालिकेत असतात' अशा नजरेनं निरखून बघत होता. मामांना त्यानं वाकून नमस्कार केला. ते ऐतिहासिक मालिकेतले असणार, असं त्याचं ठरलं असावं.

पहिली अडचण सोसायटीच्या फाटकावर आली. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाची अ‍ॅपमध्ये नोंद होते: पाहुणे, डिलिव्हरी, कॅब, कामवाली, शाळेची बस. सुरक्षारक्षकानं सगळे पर्याय वरखाली करून पाहिले.

"कोणत्या फ्लॅटला आली गाडी?"

"गाडी हाच फ्लॅट आहे," ड्रायव्हर म्हणाला.

मागे हॉर्न वाजायला लागले, तशी रक्षकानं शक्कल लढवली. खराडीत कुठल्याही फाटकातून कुणालाही न विचारता आत येणारं एकच मोठं वाहन असतं. आमच्या कॅम्परव्हॅनची नोंद 'टँकर' अशी झाली आणि तिला मानानं आत घेण्यात आलं.

टँकर म्हणून आत आलेल्या गाडीत पाणी भरायचं होतं. मेव्हण्यानं बागेतल्या नळाला पाइप लावला मात्र, सेक्रेटरी धावत आले. "अहो, आपल्याकडे टँकर पाणी द्यायला येतो. न्यायला नाही!" शंभर लिटरची टाकी भरायची की नाही यावर जी चर्चा झाली, ती इतकी रंगली की वॉचमनच्या केबिनमधून खुर्च्या मागवाव्या लागल्या. शेवटी मामांनी तोडगा काढला. "पाणी पुण्यात भरू. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून नळ आणलाय. अठराव्या शतकात. चांगला माणूस आत उतरून चालेल एवढा. पेठापेठांत हौद बांधले त्यानं." सेक्रेटरींनी विचारलं, "तो नळ खराडीपर्यंत का नाही आणला?" हा प्रश्न ते महापालिकेलाही बरीच वर्षं विचारत असल्यामुळे आवाजात सराईतपणा होता.

निघालो. म्हणजे फाटकातून निघालो. नगर रोडला लागायलाच वेळ गेला आणि लागल्यावर थांबलो. पण या प्रवासात एक गोष्ट पहिल्यांदाच घडली. चंदननगरला अडकलो तेव्हा बायकोनं चहा टाकला. विमाननगरच्या सिग्नलला तो गाळला. पुढच्या चौकात पिऊन झाला, कपही विसळून झाले. शेजारच्या कंपनी-बसमधली पोरं काचेला नाक लावून आमच्या शेगडीकडे बघत होती. नगर रोडवर अडकून राहणं ही अडचण नसून मुक्काम आहे असं एकदा मानलं, की कॅम्परव्हॅनसारखं वाहन नाही. ती खरी पुण्यासाठी नव्हे, नगर रोडसाठीच बनवायला हवी.

मामांना एवढ्यात विषय सापडला होता. "या रस्त्यानं मागं मागं गेलं की नगर. नगरला भिंगार. औरंगजेब कुठं मेला?"

"भिंगारला," मुलगी म्हणाली. उत्तर प्रश्नातच होतं.

"बादशहा दक्षिणेत उतरला तो पंचवीस वर्षं तंबूतच राहिला. कापडाचं शहरच ते! बाजार, कचेऱ्या, जनानखाना, सगळं हलतं. १७०३ साली पुण्याला पावसाळा काढला त्यानं. पण १७०७ ला भिंगारला संपला. घरी काही पोचला नाही."

पुढे उभ्या असलेल्या गाड्यांच्या रांगेकडे बघत ड्रायव्हर म्हणाला, "नगर रोडला असंच होतं, काका."

आगाखान पॅलेस वाटेतच आहे. गाडीला तिथे ऐसपैस जागा मिळाली, आणि मेव्हण्याचा चेहरा उजळला. १८९२ चा हा राजवाडा. पण लक्षात राहतो तो ऑगस्ट १९४२ ते मे १९४४ या काळातला तुरुंग म्हणून. गांधीजींना इथे ठेवलं होतं. येऊन आठवडा होतो न होतो तोच महादेवभाई देसाई गेले, आणि २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा. मामा दोघांच्या समाधीपाशी चपला काढून बराच वेळ उभे राहिले. गाडीशी परत आल्यावर ते एवढंच म्हणाले, "रोज यावरून जाता ना रे तुम्ही?" रोज जातो. उड्डाणपूल कुठल्या लेननं धरायचा, या विचारात जातो.

पुढे नदी ओलांडली आणि शहराचा रंग बदलला. खराडीत आमच्या गाडीकडे कुणी ढुंकून बघितलं नव्हतं. एकानं फक्त काच वाजवून "मोमोज आहेत?" विचारलं होतं. पण पेठांच्या जवळ आलो तसतशी माणसं थांबून, मागं वळून, चालू संभाषण सोडून गाडीकडे बघायला लागली. पुणेकर बघतो ते नुसतं बघत नाही, तपासतो. शिवाजी पुलाशी स्कूटरवरच्या एका काकूंनी आमच्या बरोबरीनं बरंच अंतर कापलं आणि खिडकीतून विचारलं, "शूटिंग कुठंय?" एका गृहस्थांनी बाही वर करून रक्तगट सांगितला. ती रक्तदानाची गाडी नाही म्हटल्यावर ते नाराज झाले, सकाळपासून चहा न घेता फिरत होते म्हणाले.

शनिवारवाड्यासमोर उतरलो तेव्हा आमच्याभोवती वाड्यापेक्षा जास्त गर्दी होती. चार शाळकरी मुलांनी आमच्या गाडीसमोर फोटो काढून घेतले. पाठीमागे दिल्ली दरवाजा येतोय म्हणून एक जण म्हणाला, "जरा डावीकडं सरक, ते मागचं येऊ देऊ नको."

मामांनी सगळ्यांना दरवाजासमोर उभं केलं. "पाया कधी? १० जानेवारी १७३०. वास्तुशांत? २२ जानेवारी १७३२. दोन्ही शनिवार."

"दोन वर्षांत?" बायको ओरडलीच. "दोन वर्षांत ताबा?"

खराडीच्या माणसाला इतिहासात हलवून सोडणारी गोष्ट कुठली, तर ही. पानिपत नाही, काही नाही. आमच्या बिल्डरनं तीन दसरे आणि चार गुढीपाडवे पुढं ढकलून किल्ल्या दिल्या, त्याही लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या. पहिल्या बाजीरावानं मात्र सांगितलेल्या मुदतीत वाडा उभा केला.

"आणि खर्च आला सोळा हजार एकशे दहा रुपये," मामा म्हणाले.

मुलीनं मनातल्या मनात हिशेब केला. "म्हणजे आपल्या गाडीचं भाडं शनिवारवाड्यापेक्षा जास्त आहे."

मेव्हणा दरवाजावरच्या अणकुचीदार खिळ्यांकडे बघत होता. हत्तीनं धडक देऊ नये म्हणून ते मारलेले. "यातून आपली गाडी गेली असती," तो डोळ्यांनी माप घेत पुटपुटला. आत १८२८ च्या आगीनंतर उरलेली जोती, कारंज्याची सोळा पाकळ्यांची बैठक आणि विस्तीर्ण हिरवळ. मामा नारायणरावाच्या खुनापर्यंत, ३० ऑगस्ट १७७३ पर्यंत पोचले होते. पण त्यांचा मुलगा हिरवळीवर पावलं टाकत लांबी मोजत होता. एवढी सपाट, कुंपण घातलेली, सावलीची जागा जर्मनीत रिकामी ठेवत नाहीत म्हणाला. तिथल्या पहारेकऱ्यानं त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती दिल्ली दरवाजाच्या खिळ्यांइतकीच जुनी असावी.

शेजारचा लालमहाल पाहून घेतला. आताची वास्तू महापालिकेनं नव्यानं बांधलेली. पण मामांना जागा महत्त्वाची. "शाहिस्तेखान १६६० ला आला. इथंच बसला तीन वर्षं. लाखभर फौज, हत्ती, तोफा. मग ५ एप्रिल १६६३ ची रात्र." नातीनं बोटं दुमडून दाखवली. एवढं सगळ्यांना येतं.

खरा प्रश्न अंधार पडल्यावर उभा राहिला. मुक्काम कुठं? मेव्हण्याचा ठाम विश्वास होता की जुन्या गावात कुठे ना कुठे कॅम्परचा तळ असतोच, पाटी शोधायची फक्त. आणि नारायण पेठेत, केसरीवाड्याच्या अलीकडच्या एका गल्लीत त्याला ती सापडली. खांबावर निळी पाटी. पाटीवर पी-टू.

"बघा दाजी! रोथेनबुर्गसारखंच!"

माझं अर्धं आयुष्य पुण्यात गेलंय. पी-वन म्हणजे विषम तारखेला, पी-टू म्हणजे सम तारखेला रस्त्याच्या त्या बाजूला गाड्या लावायच्या, हे मला ठाऊक होतं. पण त्याचा चेहरा इतका खुलला होता, आणि तारीखही सम होती. मी गप्प बसलो. ड्रायव्हरनं विजेच्या आणि केबलच्या तारा चुकवत, एका मंडळाच्या बॅनरखालून झाकण निसटणाऱ्या डब्यासारखी गाडी आत सरकवली आणि एका तीनमजली इमारतीला लावून उभी केली.

मेव्हण्यानं बाजूची कापडी छत्री उघडली, घडीच्या खुर्च्या मांडल्या. नारायण पेठेत रस्त्यावर खुर्च्या टाकून कुणी बसलं की दोनच शक्यता असतात: गणपती किंवा निवडणूक. तीन मिनिटांत पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत एक काका आले. लेंगा, बनियन, चष्मा कपाळावर.

"कुठून आलात?"

"खराडी."

"म्हणजे नगर जिल्हा."

"नाही, पुण्यातच आहे."

"असं तुम्ही म्हणता," काका म्हणाले. "किती दिवस आहात?"

"उद्या सकाळी निघू."

"खराडीहून इथं राहायला आलात?" त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "मग घर का आणलंत बरोबर? तिथं चोऱ्या होतात का?"

आता भांडण होणार, असं मला वाटलं. पण काका खाली आले ते चपला घालून, टॉर्च घेऊन, आणि गाडी बघायला. त्यांच्यामागे काकू. मग दुसरा मजला. मग समोरची इमारत. शनिवारवाड्याला तिकीट आहे, आमच्या गाडीला नव्हतं. माझी बायको दारात उभी राहून एकेका गटाला आत घेत होती: इकडे झोपायचं, इकडे स्वयंपाक, डोकं सांभाळा, खाली उतरा, पुढचे या. ऐतिहासिक शहर पाहायला निघालो होतो. शहरानंच आम्हाला एकदाचं पाहून घेतलं.

काकूंनी शेगडीची बारीक पाहणी केली. "कुकर ठेवला की झाकण वर लागेल." ठेवून पाहिला. लागलं. "डाळतांदूळ कुठं?" पलंगाखाली. "वाकून काढायचं? रोज?" सगळ्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. त्यानंतर काकूंनी संडासाचं दार उघडलं. आत आमच्या बॅगा, कांद्याची पिशवी आणि मामांची छत्री होती. चुलीला खेटून असलेला संडास वापरायला मामांनी सकाळीच ठाम नकार दिला होता. "योग्य केलंत," काकू त्यांना म्हणाल्या. मामा बार्शीहून आल्यापासून त्यांच्या बाजूनं बोललेल्या त्या पहिल्याच.

काका मात्र गाडीत शिरलेच नाहीत. ते उकिडवे बसून टॉर्चच्या उजेडात चाकं बघत होते.

"१२ जुलै १९६१," ते म्हणाले. "पानशेत फुटलं तेव्हा मी सात वर्षांचा. हा वाडा होता तेव्हा, इमारत नंतरची. पाणी चढलं. आजी देव्हारा घेऊन निघाली, वडील मला आणि हिशेबाच्या वह्या घेऊन. घर राहिलं." त्यांनी टायरवर टिचकी मारली. "त्या दिवशी ही पाहिजे होती."

मामा त्यांच्या शेजारी उकिडवे बसले. पुढचा तासभर ते दोघं तिथेच होते. एकानं सन सांगायचा, दुसऱ्यानं तारीख. कुणी कुणाला चुकवू शकला नाही, आणि त्या आनंदात दोघांनी तीनदा चहा घेतला. काकूंनी वरून आमटीचं पातेलं धाडलं. आमच्या शेगडीवर त्या रात्री काही शिजलं नाही.

झोपलो. गाडीत पाच माणसं झोपली की एकानं कूस बदलली तर बाकीच्यांनाही बदलावी लागते. त्यासाठी 'हं' असा इशारा ठरवला होता. डोळा लागतो न लागतो तोच काचेवर टॉर्चचा उजेड.

काका. लेंगा, बनियन, घड्याळ.

"बारा वाजले."

"हो, झोपतोच आहोत."

"तसं नव्हे. तारीख बदलली. विषम लागली. घर पलीकडे न्या."

मेव्हणा अंथरुणात उठून बसला. त्याला सगळं समजावून सांगायला काकांना फार आनंद झाला. "सकाळी सहाला गाडी उचलणारे येतात. तुम्ही आत झोपलेले असाल. गाडीबरोबर तुम्हालाही नेतील. मग पावती कुणाकुणाची फाडायची हा प्रश्न." मेव्हण्यानं विचारलं, असं रोज रात्री करावं लागतं का? "रोज. एकतीस तारखेला यायचं होतंत. एकतीस आणि एक, दोन्ही विषम. एक रात्र सलग मिळते." वर्षात अशा रात्री किती, तेही त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं: जानेवारी, मार्च, मे, जुलै, ऑगस्ट, ऑक्टोबर, डिसेंबर. आणि लीप वर्षाचा फेब्रुवारी. रोथेनबुर्गला हे नाही.

ड्रायव्हरनं झोपेतच गाडी सुरू केली. काका रस्त्याच्या मधोमध उभे राहून "येऊ द्या, येऊ द्या, डावं मारा" करत होते. वरून काकू "हळू, मुलं झोपलीयत" म्हणत होत्या. गाडीतली झोपलेली मुलं की इमारतीतली, ते कळलं नाही. घर पलीकडे गेलं. एकटे मामा जागे झाले नाहीत.

पहाटे पाचला ते उठले. तांब्या, टॉवेल घेऊन सवयीनं उजवीकडे उतरले, काकांच्या इमारतीच्या जिन्याशी नळ होता त्या दिशेनं. तिथे नळ नव्हता. जिना नव्हता. एक छापखाना होता. मामांनी मागे वळून पाहिलं. इमारत रस्ता ओलांडून पलीकडे गेलेली. चाळीस वर्षं इतिहास शिकवलेला माणूस, पण एका रात्रीत पेठ उलटी झाल्याची नोंद त्यांच्या वाचनात नव्हती. आम्ही बाहेर आलो तेव्हा ते टॉवेल खांद्यावर टाकून रस्त्याच्या मध्यात उभे होते आणि गॅलरीतून काका हात करत होते, "इकडे, इकडे! तुम्हीच हललात, आम्ही जागेवर आहोत!"

चहा पिताना मामा म्हणाले, "खानाचं काही चुकलं नव्हतं. पुण्यात मुक्काम ठोकला की रात्री कुणीतरी येऊन उठवतोच."

दुसऱ्या दिवशी गाडी जागची हलवायची नाही असं एकमतानं ठरलं. काकांनी विषम तारखेची हमी दिली होती. आम्ही रिक्षानं हिंडलो. पर्वतीच्या एकशे तीन पायऱ्या चढताना जर्मनीत सायकल चालवणारा मेव्हणा दोनदा बसला, बार्शीचे मामा एकदाही नाही. वर हवा छान. खडकीची लढाई, ५ नोव्हेंबर १८१७, दुसऱ्या बाजीरावानं इथूनच पाहिली असं सांगतात. लांबून बघितलं आणि पुढं निघून गेला. पर्यटकाची वृत्ती त्याला बरोबर साधली होती.

केळकर संग्रहालय मात्र मी कुणालाही चुकवू देणार नाही. शुक्रवार पेठेत, बाहेरून घरासारखं घर. दिनकर केळकरांनी जन्मभर गावोगाव हिंडून जुन्या वस्तू गोळा केल्या, आणि लहानपणी गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या नावानं हे संग्रहालय उभं केलं. युद्धं, तह, सनदा यांतलं फारसं काही नाही. दिवे आहेत, कुलपं आहेत, पाय घासायच्या वज्री आहेत, आणि अडकित्ते. मोराचे, घोड्याचे, नक्षीच्या बायांचे. सुपारी फोडायच्या दोन पात्यांवर माणसानं किती जीव टाकावा! बायको एका अडकित्त्यासमोर इतका वेळ उभी होती की काचेवर तिच्या श्वासाची वाफ धरली. पेशवाई बुडाली त्याची कारणं शाळेत पाठ केली होती. एवढा सुंदर अडकित्ता हाताशी असलेला माणूस कामाला कधी लागणार, हे कारण कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

आणि तिथेच मस्तानीचा महाल आहे. मूळचा कोथरूडचा. त्याचे अवशेष केळकरांनी तिथून आणून इथे पुन्हा उभे केले. खांब, कमानी, झुंबरं. मेव्हणा बराच वेळ छताकडे बघत राहिला.

"घर हलवायचं तर असं," मामा त्याला म्हणाले. "एकदाच. तारीख बघून नाही."

संध्याकाळी गल्लीत परतलो तर काका-काकू तयार होऊन बसलेले. काकूंच्या हातात डबा, काकांच्या हातात स्वेटर आणि टॉर्च. पुण्यात जन्म गेला, पण बंडगार्डनच्या पलीकडे कामाशिवाय जाणं झालं नव्हतं. एकदा विमानतळावर गेले होते, तेही सोडायला. "तुमची गाडी जातेच आहे रिकामी," काका म्हणाले. "खराडीत बघण्यासारखं काय काय आहे?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मुलगी म्हणाली, "रात्री छान दिसतं."

नगर रोडवर काकूंनी डबा उघडला. थालीपीठ आणि दही. जाम सुटेपर्यंत डबा संपला. काकांना टँकरची रांग फार आवडली; त्यांनी मोजायला सुरुवात केली आणि वीसनंतर सोडून दिलं. आयटी पार्कच्या फाटकासमोर उतरलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. काचेच्या इमारती वरपासून खालपर्यंत लख्ख. गळ्यात ओळखपत्रं लटकवलेली पोरंपोरी टपरीभोवती उभी, कुणी बनमस्का खातंय, कुणी फोनवर अमेरिकेशी भांडतंय. काकांनी मान मागं टाकून मजले मोजले.

"यात राहतं कोण?"

"कुणी नाही. कामाला येतात."

"आत्ता?"

"तिकडे आत्ता सकाळ आहे," मेव्हणा म्हणाला.

काकांनी घड्याळ पाहिलं, इमारत पाहिली, पुन्हा घड्याळ. मग टपरीवाल्याकडून दोन कटिंग घेतले, एक काकूंना दिला, एक घोट घेतला. चहा बरा होता हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसू नये याची त्यांनी काळजी घेतली.

"बंद कधी करता?" त्यांनी टपरीवाल्याला विचारलं.

"बंद नाय करत काका. चोवीस तास चालू."

काका त्याच्याकडे बघत राहिले. एवढ्या काचा, एवढे मजले, एवढी वीज यांनी त्यांना काही झालं नव्हतं.

"दुपारीसुद्धा?"